गोदाकाठ वाचायचा कसा?

पावसाळ्यात गोदावरी चढली की नाशिककर घनफुटांत बोलत नाहीत. 'पाणी दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं', 'कमरेपर्यंत आलं', 'छातीला टेकलं' असं बोलतात. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, दोन दिशांना दोन तोंडं करून. गावाने त्यालाच पूरमापक करून टाकलं. पाणी आणखी चढलं तर पुढची खूण नारोशंकराच्या देवळावरच्या घंटेची. १९६९ आणि २००८ च्या पुरांच्या गोष्टी सांगताना जुनी माणसं याच खुणांवर बोट ठेवतात.

नदीकाठचा वारसा म्हटलं की आपल्यापुढे देवळांची आणि घाटांची यादी येते. यादीने माहिती मिळते, उलगडा होत नाही. हे देऊळ इथेच का, लेणी त्या डोंगरातच का, राजधानी आडबाजूच्या पैठणलाच का, याची उत्तरं बहुतेक वेळा नदीच देते. पाणी कुठून येतं, किती चढतं, कुठे ओलांडता येतं आणि त्याच्याखाली कुठला दगड आहे, एवढं आधी समजून घेतलं तर काठावरच्या बऱ्याच गोष्टींची संगती लागते. या लेखात गोदावरीचं महाराष्ट्रातलं खोरं तशा पद्धतीने पाहू या.

खोरं म्हणजे काय

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. तरीही ती त्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. कारण साधं आहे. सह्याद्रीची पश्चिमेची बाजू कड्यासारखी तुटलेली आहे आणि पूर्वेची बाजू हळूहळू उतरत जाते. माथ्याच्या पूर्वेला पडलेल्या पावसाला त्या उताराने जावंच लागतं.

ज्या सगळ्या जमिनीवरचा पाऊस शेवटी एकाच नदीत जातो ती जमीन म्हणजे त्या नदीचं खोरं. गोदावरीचं खोरं सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात येतो. दारणा, कादवा, प्रवरा, शिवना, सिंदफणा, पूर्णा, मांजरा या सगळ्या तिच्या लेकी. उत्तरेला अजिंठ्याची रांग तिला तापीपासून वेगळी ठेवते, तर दक्षिणेला हरिश्चंद्र-बालाघाटच्या रांगा भीमेपासून.

या एका गोष्टीने नकाशा कसा बदलतो ते बघा. वेरूळ आणि अजिंठा ही नावं आपण एका दमात घेतो. वेरूळचं पाणी येळगंगेतून शिवनेत आणि तिथून गोदावरीत जातं. अजिंठ्याची लेणी ज्या वाघूर नदीच्या वळणावर कोरली आहेत ती उत्तरेला जाऊन तापीला मिळते. म्हणजे ही दोन ठिकाणं डोंगराच्या दोन अंगांना, दोन वेगळ्या नद्यांच्या दारात आहेत. अजिंठ्याकडे खानदेशातून चढून यावं लागे, वेरूळ गोदेच्या खोऱ्यातल्या वाटेवर होतं. प्रवासी, व्यापारी आणि दानशूर कुठून येत होते, हे समजायला एवढा फरक पुरेसा आहे.

काळा दगड आणि पांढरी माती

खोऱ्याचा हा सगळा वरचा भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर साचले. काही थर टणक आहेत, काही मऊ आणि सच्छिद्र. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच. टणक थराचं छत राहू द्यायचं आणि आतला खडक वरून खाली कोरत जायचं, हे लेणी कोरणाऱ्यांना जमलं ते या थरांमुळे. सच्छिद्र दगडाच्या पोकळ्यांत अकीकासारखे रंगीत दगड तयार होतात. त्यांचा व्यापाराशी असलेला संबंध पुढे येईल.

नदीकाठी बेसॉल्टची झीज होऊन काळी कसदार माती साचली. मराठी गावाच्या जुन्या बोलण्यात काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीची माती पांढुरकी का होते? शेकडो वर्षं एकाच जागी घरं उभी राहतात, पडतात, त्यांच्याच ढिगाऱ्यावर नवी बांधली जातात. चुलीची राख, शेण, चुना, भिंतींची माती असं सगळं साठत जातं आणि टेकाड उंच होतं. नदीकाठाने जाताना शेतात एखादं राखट रंगाचं टेकाड दिसलं आणि त्यावर खापरं पसरलेली असली, तर तिथे जुनं गाव झोपलेलं आहे असं समजायला हरकत नाही. पुरातत्त्वज्ञ नेमकी हीच पांढरीची टेकाडं शोधत फिरले.

त्यातून जे सापडलं त्याने महाराष्ट्राचा इतिहास हजारभर वर्षांनी मागे गेला. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं. लाल रंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली, वाजवली तर खणखणणारी, तोटीची भांडी निघाली. अशीच भांडी पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मिळाली आणि त्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हेच नाव पडलं. तिचा काळ साधारण इसवी सनपूर्व १४०० ते ७००. आपल्याकडच्या सुरुवातीच्या स्थिर शेतकऱ्यांची ही गावं. ती नदीच्या अगदी काठाला आहेत, कारण विहीर खणण्याआधी माणसाला वाहतं पाणीच जवळ हवं होतं.

प्रवरेच्याच काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्या भरीव आणि ओतीव. चारींचं मिळून वजन ६० किलोहून अधिक भरतं. दायमाबादच्या उत्खननात उत्तर हडप्पा काळाचे थरही मिळाले, म्हणजे सिंधू संस्कृतीची एक उशिराची शाखा प्रवरेपर्यंत पोहोचली होती. रथावरचा तो माणूस कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ज्या समाजाकडे एवढं धातू गोळा करण्याची ऐपत आणि ओतण्याचं कसब होतं, तो समाज साधा नव्हता हे मात्र नक्की. मला वाटतं, महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर या रथाचं चित्र असायला हवं.

लेण्यातला जमाखर्च

आता नाशिकच्या पांडवलेण्यांकडे येऊ. नाव पांडवांचं असलं तरी पांडवांशी यांचा संबंध नाही. त्रिरश्मी डोंगरातली ही २४ बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरली जात होती. बहुतेक लोक पायऱ्या चढून जातात, मूर्ती बघतात, शहराचं दृश्य बघतात आणि उतरतात. या लेण्यांचा खरा ठेवा भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत आहे.

दहा क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने हे लेणं भिक्खूंच्या संघाला दिलं आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव दिली. ही रक्कम त्याने लेण्यात ठेवली नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्या काळच्या कारागिरांच्या संघांकडे, गुंतवली. एका श्रेणीकडे २,००० आणि दुसरीकडे १,०००. पहिल्या रकमेवर दरमहा शेकडा एक, दुसरीवर शेकडा पाऊण असा व्याजाचा दर. मुद्दल कधी परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही लिहून ठेवलं आहे. व्याज कशासाठी? लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी.

आता हिशेब करून बघा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्खू गुणिले १२ म्हणजे २४०. पै न् पै जुळते. हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असंही लेख सांगतो. धर्मादाय निधी, ठेव, व्याज, जाहीर नोंद, सगळं त्यात आहे. पैसे सांभाळणारे सावकार किंवा राजे नव्हते, विणकर होते. गोवर्धन हे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेला गोदाकाठी आहे. लेण्यासमोर उभं राहून हे आठवलं की डोंगराखालचं गाव दिसू लागतं: माग चालतायत, सूत रंगतंय, माल घाटाकडे निघालाय.

उषवदाताने आणखी एक गोष्ट केली. पारादा, दमणा, तापी, दाहणुका अशा नद्यांवर त्याने नावेने उतरून जायची सोय मोफत करून दिली. या किनाऱ्याकडच्या नद्या. कोकण-गुजरातकडून घाट चढून गोवर्धनला येणाऱ्या वाटसरूला त्याच ओलांडाव्या लागत. राजघराण्यातला माणूस दान म्हणून नावेचा उतार फुकट करून देतो, यावरून त्या वाटेवर किती वर्दळ असेल ते समजतं.

तीन क्रमांकाचं लेणं पाहिलं की ते दहा क्रमांकासारखंच वाटतं. ते मुद्दाम तसं केलं असावं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि पुढे त्याची आई गौतमी बलश्री हिने हे लेणं संघाला दिलं. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राजवटीच्या १९ व्या वर्षी कोरलेल्या लेखात तिने आपल्या मुलाची थोरवी सांगितली आहे. तीन समुद्रांचं पाणी ज्याची घोडी प्यायली, असा तो राजा. इतक्या जुन्या काळातल्या एका आजीचं दुःख आणि अभिमान दगडात टिकून राहिले आहेत.

या जयाचा पुरावाही नदीकाठीच मिळाला. गोदावरी आणि दारणेच्या संगमावर जोगलटेंभी हे गाव आहे. तिथे १९०६ मध्ये नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचं चलन वितळवत न बसता त्यावरच शिक्का उमटवायचा आणि बाजारात सोडायचं. लेण्यातला लेख आणि शेतातला हंडा एकमेकांची साक्ष देतात, असं भाग्य इतिहासाच्या अभ्यासकाला फार क्वचित लाभतं.

राजधानी पैठणलाच का

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, आजचं पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख आहे: भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून रंगीत पट्ट्यांचे मौल्यवान दगड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जात आणि तगरहून सुती कापड. बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार होणारा दगड असा रोमन बाजारात पोहोचत होता. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तेही गोदेच्याच खोऱ्यात आहे, कारण तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. तेरच्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहायला मिळतात, आणि तिथलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मूळच्या चैत्यगृहाच्या आकाराचं आहे. गोरोबाकाकांच्या समाधीला जाणारे कितीतरी लोक या दोन्ही गोष्टी न बघताच परततात.

पैठणला नदी रुंद, काठ सुपीक आणि वाटा चारी दिशांना मोकळ्या. उत्तरेकडे अजिंठ्याची रांग ओलांडून तापीकडे, पश्चिमेला नाशिक आणि घाटांकडे, पूर्वेला तेर आणि पुढे आंध्रात. नकाशावर पैठण आज आडबाजूला वाटतं, कारण आपले रस्ते मुंबईकडे तोंड करून आहेत. त्या काळी ते मध्यावर होतं.

याच पट्ट्यात मराठी भाषा वाढली. प्राकृत काव्याच्या काळापासून गोदावरी कवितेत वाहते आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी या काठाने फिरले आणि त्यांच्या आठवणींच्या लीळाचरित्रात गोदाकाठच्या गावांची रेलचेल आहे. ज्ञानदेवांचं मूळ गाव आपेगाव पैठणजवळ. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती प्रवराकाठच्या नेवाशाला, १२९० मध्ये. ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेव गोदावरीचा काठ आणि यादव राजा रामचंद्र या दोघांची नोंद करतात. नेवाशाचा प्रसिद्ध पैस खांब नीट बघितला तर त्यावर एक जुना लेख दिसतो. देवापुढच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा तो लेख आहे. म्हणजे ज्ञानदेव टेकले ती जागा आधीपासूनच देवळाची होती. तिथेच लाडमोडच्या टेकाडावर उत्खननही झालं आणि प्रवरेच्या वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुगातली हत्यारं मिळाली. एका गावात अश्मयुगापासून ज्ञानेश्वरीपर्यंतचा पल्ला!

पुढे पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत हातोहात उतरवताना शिरलेल्या चुका काढून त्यांनी ग्रंथ स्थिर केला. पैठणला नाथांच्या वाड्यात आणि समाधीला जाताना मला त्यांचं हे संपादकाचं काम सर्वांत आधी आठवतं.

सगळंच हेमाडपंती नसतं

जुनं काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की 'हेमाडपंती' म्हणायची आपल्याला सवय आहे. हेमाद्री उर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. चुना न वापरता दगड एकमेकांत अडकवून रचण्याची पद्धत मात्र त्याच्या आधीपासूनची आहे. सिन्नरचं गोंदेश्वर घ्या. मधे मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, अशी पंचायतन मांडणी. शिखरावर छोट्या शिखरांच्या माळा उभ्या ओळीत चढत जातात. हे देऊळ हेमाडपंताच्या आधीचं मानलं जातं. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी, देवगिरी नंतरची.

चुना नाही तर देऊळ टिकतं कशावर? वजनावर आणि खाचांवर. दगडाला खोबण आणि कूस काढून एकात एक बसवायचे आणि वरच्या दगडाच्या भाराने खालचा जागेवर राहतो. म्हणून डागडुजी करताना अशा सांध्यांत सिमेंट भरणं घातक ठरतं. दगड हलायची जागा जाते, पाणी आत अडकतं आणि तडे जातात. वरून ऑइलपेंट फासला तर दगडाचा श्वासच बंद होतो. हे श्रद्धेने केलं जातं हे मान्य, पण देऊळ त्याने लवकर जातं.

घाट आणि उतार

दख्खनच्या नद्यांना हिमालयाचं बर्फ नाही. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहणारी गोदावरी एप्रिलमध्ये डोहाडोहांत उरते. पाण्याची पातळी वर्षभरात इतकी बदलत असेल तर पाण्यापर्यंत पोहोचायचं कसं? त्यासाठी घाट. पाणी कुठल्याही पायरीवर असो, माणसाला पाय टेकायला दगड असतो. घाट बांधायला तळाशी पक्का खडक लागतो आणि तो नाशिकला पात्रातच उघडा होता. शिवाय रामकुंडापाशी नदी दक्षिणेला वळते आणि असं वळण तीर्थ म्हणून पवित्र मानलं गेलं. खडक, वळण आणि घाटमाथ्याची वाट या तीन गोष्टी एका जागी आल्या आणि नाशिक झालं.

आज तिथे उभी असलेली बहुतेक मोठी देवळं मात्र पेशवाईतली आहेत. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, आणि त्यावरची ती घंटा वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली. सुंदरनारायण १७५६ चं. काळाराम त्याच शतकाच्या शेवटी सरदार ओढेकरांनी बांधला. त्र्यंबकेश्वरचं आजचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी सुरू केलं. उत्तरेतल्या मोहिमांमधून आलेला पैसा इथे दगडात उतरला आहे. सिंहस्थात वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडात आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात स्नान करतात, ही विभागणीही पेशवाईतल्या वादानंतरची.

नदी जिथे पायी किंवा बैलगाडीने ओलांडता येते तो उतार. उताराच्या जागी गाव, बाजार आणि नाका येतो, आणि लढाईही. १० ऑगस्ट १७६३ ला बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला असंच झालं. निजामअली सैन्याचा एक भाग घेऊन गोदावरीपार झाला. नदी फुगलेली, आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर अडकला. तरुण माधवराव पेशव्याने तो क्षण पकडला. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजाम पलीकडच्या काठावरून काही करू शकला नाही. राक्षसभुवनला श्रावणात उभं राहिलं की ही लढाई पुस्तकाशिवाय समजते.

पाणी कुणाचं

गोदाकाठच्या वारशात अन्यायही आहे आणि तो गाळून सांगता येत नाही. ज्या काठावर संतांनी समतेची भाषा केली, त्याच काठावर माणसांना पाण्यापासून आणि देवापासून दूर ठेवलं गेलं. एकनाथांनी गोदेच्या तापलेल्या वाळवंटातून अस्पृश्य मानलेल्या घरातलं मूल उचलून घेतल्याची कथा पैठणला आजही सांगतात. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली आणि ओव्यांमधून थेट देवाला जाब विचारत गेली. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. येवलाही याच खोऱ्यातलं. काळारामाचं कोरीव काम बघताना पूर्वेच्या दाराशी थोडा वेळ थांबून हेही आठवावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

खाली नांदेडला याच नदीने आणखी एक धागा जोडला. गुरु गोविंदसिंग १७०८ मध्ये इथे आले आणि इथेच त्यांची ज्योत मालवली. देहधारी गुरूंची परंपरा थांबवून त्यांनी ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं. आजचा सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवला. त्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांचं नाव ज्या नरसी गावाशी जोडलं जातं ते हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीवर आहे, आणि कयाधूचं पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असं फिरून गोदावरीलाच मिळतं. नामदेवांची वाणी पंजाबात गेली आणि साडेतीनशे वर्षांनी ग्रंथातून परत याच खोऱ्यात आली.

धरणाखालचं आणि काँक्रीटखालचं

पैठणचं जायकवाडी धरण म्हणजे नाथसागर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये उद्घाटन. २७ दरवाजांचं हे मातीचं धरण सुमारे ३५० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली घेतं. मराठवाड्याची तहान त्यावर भागते. पण हाच पट्टा गोदेचा सर्वांत जुना वस्तीचा काठ होता. पांढरीची टेकाडं, घाट, देवळं आणि राहती गावं पाण्यात गेली. आता टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर प्रवरासंगमाजवळ, फुगवट्याच्या काठावर उभं आहे. पेशवेकालीन कोरीवकामाचा इतका सुरेख नमुना महामार्गापासून इतक्या जवळ असून लोक त्याला ओलांडून जातात, याचं वाईट वाटतं.

नांदूरमधमेश्वरची गोष्ट थोडी वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तिथे गाळ साचला, पाणथळ तयार झाली, पक्षी आले आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलं. त्याच फुगवट्यात चांदोरीची जुनी देवळं बुडालेली असतात. पाणी खूप खाली गेलं की ती डोकं वर काढतात.

नाशिकला रामकुंड परिसरात गर्दीच्या सोयीसाठी नदीचा तळ काँक्रीटने झाकला गेला. तिथल्या कुंडांना खालून मिळणारे झरे त्याने दबले. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी पुन्हा बांधकामं होत आहेत. घाट रुंद करताना खालचा खडक मोकळा ठेवायचा की झाकायचा, हा निर्णय नाशिककरांनी डोळ्यांत तेल घालून पाहावा असा आहे.

जायचं असेल तर

घाट आणि पात्रातली देवळं पाहायला फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला, कारण तळाच्या पायऱ्या तेव्हाच उघड्या पडतात. त्र्यंबकचं रूप पावसात बघावं, पण पूर असताना पात्रात उतरू नये. घाटावर वीरगळ, सतीशिळा, गधेगळ असे जुने कोरीव दगड पडलेले दिसतात. त्यांना शेंदूर-तेल लावू नका, उचलून आणू नका. टेकाडावरचं खापरही तिथेच राहू द्या, कारण ते जागेवर असेल तरच अभ्यासकाला काही सांगतं. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला कायद्याने बंदी आहे, पण गोदेवरचे बहुतेक घाट अशा यादीत नाहीत. त्यांची काळजी गावालाच घ्यावी लागते.

माणसांशी बोला. देवळाच्या गुरवाला कुठला दगड कधी बदलला हे ठाऊक असतं. भोई आणि कोळी मंडळींना डोहांची आणि जुन्या उतारांची नावं माहीत असतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या यात्रेकरूंच्या नोंदवह्या आहेत. आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं तर पणजोबांची सही निघू शकते.

एकच दिवस असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत पांडवलेणी गाठा आणि तीन व दहा क्रमांकांवरच वेळ घालवा. दुपारी सिन्नरचं गोंदेश्वर पाहा, संध्याकाळी गोदाघाट. दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी नेवासा, टोकं आणि पैठण. तिसरा दिवस मिळाला तर तेरला जा.